हरभऱ्याची केस होत नाही

जानेवारी लागला की बुलढाण्याच्या भाजीबाजारात हरभऱ्याचे डहाळे येतात. मुळांसकट उपटलेली झाडं, घाट्यांनी लगडलेली, मुळांना काळी माती तशीच चिकटलेली. जाणारे-येणारे पेंढीतला एखादा घाटा सहज तोडतात, अंगठ्यानं फोडतात आणि हिरवा दाणा तोंडात टाकून पुढे जातात. विकणारी बाई हरकत घेत नाही. मीही अनेक वर्षं असाच दाणे टाकत त्या रस्त्यानं गेलो. आता मी पेंढीसमोर थांबतो, बघतो आणि निघतो. ही गोष्ट तिच्या नजरेतून सुटलेली नाही.

"सर, तुमी रोज पाह्यता आन् निंगून जाता," ती परवा म्हणाली. "हरभऱ्याशी भांडन हाये का तुमचं?"

भांडण नाही. एका हंगामात आमची ओळख जरा जास्त झाली, एवढंच.

मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी अन्नसाखळीचा धडा यायचा आणि दरवर्षी मी फळ्यावर तेच काढायचो: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मुलं बाण हमखास उलटे काढत. बेडूक नाकतोड्याला खातो, म्हणून बाण बेडकाकडून नाकतोड्याकडे. मी सांगायचो, बाण म्हणजे 'कोण खातो' नव्हे, 'कुठे जातं'. पानानं उन्हातून जे मिळवलं ते नाकतोड्याकडे जातं, नाकतोड्यातलं बेडकाकडे. आणि जाताना जवळजवळ सगळं वाटेतच संपतं. हलण्यात, धावण्यात, अंग गरम ठेवण्यात. पुढच्या पायरीला पोचतो साधारण दहावा भाग. दहाव्याचा दहावा, त्याचाही दहावा. म्हणून गवत अमाप असतं आणि घार एखादीच. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली की तिचं मला नवल वाटेनासं झालं. शिक्षक निवृत्त होतो तो खरं म्हणजे त्या दिवशी. कागद नंतर येतात.

पहाटे हरभऱ्यातून चाललं की पोटऱ्या चुरचुरतात. पानांवर आंब असते. दवात विरघळलेला पानांचा आंबटपणा. सोनाळ्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथं लहानपणी घरच्या बाया संध्याकाळी हरभऱ्यावर पातळ फडकं अंथरून यायच्या आणि सकाळी ते बाटलीत पिळायच्या. पोट दुखलं की त्यातली चमचाभर मिळायची. जीभ सोलून निघेल इतकी आंबट. तिला औषध म्हणत. तापाच्या गोळीला औषध म्हणतात. आणि पिकावरची कीड मारायला दुकानातून जे आणतात, डब्यावर कवटी असलेलं, त्यालाही आमच्याकडे औषधच म्हणतात. 'औषध मारलं' म्हणजे फवारणी केली. 'औषध घेतलं' म्हणजे मात्र सांगणाऱ्याचा आवाज ऐकावा लागतो. आवाज नेहमीचा असेल तर पडसं आहे. आवाज खाली गेला असेल तर कोणीतरी जीव द्यायला निघालं होतं. इतका मोठ्या मनाचा शब्द दुसरा नसेल.

त्या हिवाळ्यात गावातल्या एका मंडळाला पर्यावरणाची ओढ लागली होती. त्यांनी माझ्या चुलतभावाचं शेत निवडलं. भाऊ वारल्यापासून ते शेत दुर्गावहिनी एकटीनं करते. कल्पना चांगली होती, हे आधीच सांगतो, कारण ती माझी होती. घाटेअळी हरभऱ्याचे दाणे पोखरते. कोतवाल, साळुंकी हे पक्षी अळ्या वेचून खातात. पण हरभरा गुडघ्याएवढा, त्यात पक्ष्याला बसायला जागा नाही. म्हणून शेतात जागोजाग एक उभी काठी रोवायची, तिच्या माथ्यावर एक आडवी बांधायची. याला पक्षी थांबा म्हणतात. सवय लागावी म्हणून बाजूला थोडा हळदीचा भात टाकायचा. पिवळा रंग पक्ष्यांना लांबून दिसतो. संपलं. दोन काठ्या आणि एक सुतळी. यात उद्घाटन करण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं होतं.

मांडव पडला. माइक आला. बांधाजवळच्या थांब्याला लाल फीत बांधली आणि प्रमुख पाहुण्यांनी ती कात्रीनं कापली. टाळ्या झाल्या. शेजारच्या तुरीवर एक कोतवाल आधीपासून बसून हे बघत होता. त्याला बोलावणं गेलं नव्हतं. पाहुण्यांनी सृष्टीतल्या प्रत्येक घटकाच्या सन्मानावर भाषण केलं. मग माझं झालं. ते त्यांच्यापेक्षा लांबलं आणि माझ्याही गळ्यात हार होता, हे लपवत नाही. व्यासपीठावर, टेबलावर, कुंकवाची बोटं ओढलेला एक प्लॅस्टिकचा डबा होता. त्यात मी स्वतः गाळून पाठवलेला निंबोळीचा अर्क होता, म्हणजे अळीला न आवडणारा आणि पक्ष्याला न मारणारा. तो भरलेलाच आहे, हे बोलण्याच्या भरात माझ्या लक्षात आलं नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला होता.

"भाऊजी, अळी लय दिसून राह्यली. औषध मारू का?"

"मारा ना वहिनी. पाहुण्यांसमोर शेत नीट दिसायला पाहिजे."

इतकंच संभाषण. दोघांनीही मराठीतच केलेलं.

कार्यक्रमानंतर पाहुण्यांना निघताना त्याच शेतातल्या डहाळ्यांची एकेक पेंढी दिली. शालीपेक्षा हे बरं, असं मीच सुचवलं होतं. त्या दिवशी वहिनीची मुलगी अर्चना घरी होती. सहावा महिना संपत आलेला, चार दिवसांसाठी माहेरी आलेली. सकाळपासून वाढण्यात, भांड्यांत होती. दुपारी पंगती उठल्यावर बांधावर येऊन बसली आणि मांडीवर पेंढी घेऊन घाटे फोडू लागली. फोडायची, खायची, टरफलं बाजूला टाकायची. मान वर नाही. टरफलांचा छोटा ढीग झाला. मी जवळून जाताना म्हणालो, "डहाळ्यांचे डोहाळे लागलेत वाटतं." विनोद चांगला वठला. सगळे हसले. तीही हसली, तोंडात दाणे असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच शेतात गेलो. ऊन नुकतं वर आलं होतं. फीत कापलेल्या थांब्याखाली एक कोतवाल पडला होता. दुभंगलेली शेपटी हरभऱ्याच्या ओळीत नीट ठेवल्यासारखी. पुढच्या थांब्याखाली साळुंक्या, एकमेकींपासून हातभर अंतरावर. एक अजून जिवंत होती. पाय ताणून, चोच उघडून थरथरत होती आणि चोचीत अर्धी अळी होती. पिवळा भात तसाच होता. त्यांनी भाताला तोंड लावलं नव्हतं. ज्यासाठी बोलावलं होतं तेच खाल्लं होतं.

मनात पक्ष्यांचा विचारही नीट येत नव्हता. येत होती ती माझीच वाक्यं, माइकमधून मोठी झालेली. आसन मांडा, पक्षी येतील. ते आले होते.

पुस्तकातली जुनी विषं अंगात साठत जातात. गवतात कणभर, घारीत मणभर, असं मी शिकवायचो, आणि ऐकताना तो फार सावकाश चालणारा, परदेशी प्रकार वाटायचा. हे तसलं नव्हतं. याला साठायला सवड लागत नव्हती.

वहिनीच्या घरी आलो तर अर्चना न्हाणीच्या दगडाला धरून ओकत होती.

"वहिनी, परवा फवारलं काय?" मी विचारलं.

"औषध. तुमाले इचारूनच तं मारलं."

"मी पाठवलेलं?"

"ते कसं मारीन? ते पाहुन्याले दाखवाचं होतं ना. दुकानातलं आनलं. लय कडक हाये म्हने." मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग मुलीकडे. "काऊन हो भाऊजी?"

शेजारच्याची जीप मिळाली. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत रस्ता खराब नव्हता, तरी तो संपेना. वहिनी मागे मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि पुन्हा पुन्हा तिच्या पोटावर हात ठेवून बघत होती. मी पुढे बसून फोन लावत होतो. पेंढ्या नेलेल्या सगळ्यांना कळवायचं होतं. प्रमुख पाहुण्यांच्या सहायकानं सांगितलं की साहेबांनी पेंढी ड्रायव्हरला दिली. ड्रायव्हरनं सांगितलं की त्यानं ती बकरीला टाकली.

"बकरी कशी आहे?" मी विचारलं.

"बरी हाये. काऊन, तिचाबी सत्कार हाये का?"

एरवी मी हसलो असतो. सन्मानचिन्ह पायरीपायरीनं कुठवर जातं याचा इतका स्वच्छ पुरावा मला कधी मिळाला नव्हता.

खिडकीतल्या नर्सनं विचारलं, काय झालं? वहिनी बोलली, आणि तिचा आवाज खाली गेलेला होता. "पोरीच्या पोटात औषध गेलं हो बाई."

त्या एका वाक्यानं पुढचं सगळं ठरलं. नर्सनं रजिस्टरमध्ये जे लिहायचं ते लिहिलं. गरोदर बाई, लग्नाला दोन वर्षं, पोटात औषध. अशा वेळी पोलिसाला बोलवावं लागतं आणि सासरी कळवावं लागतं. नियम आहे, आणि तो ज्यांनी केला त्यांना आमचा भाग ठाऊक असणार. अर्चनाला पडद्याआड नेलं. तासाभरात हवालदार आला. पोटाला वही लावून लिहिणारा, शांत, मध्यम वयाचा माणूस. मी त्याला सगळं सांगितलं. फवारणी, अळी, कोतवाल, डहाळे. म्हणजे मी त्याला अन्नसाखळीच शिकवली, तिथल्या बाकावर बसून. त्यानं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजे सर, अळीनं औषध घेतलं. पाखरानं अळी घेतली. बराबर?"

"बरोबर."

"मंग पोरीनं काय घेतलं?"

"हरभरा."

तो पेन उचलून बसला. "हरभऱ्याची केस होत नाही सर. मी लिहू काय?" आणि थोडं पुढे वाकून, चांगुलपणानं, "खरं सांगा. सासरी काही तरास?"

"नाही," मी म्हणालो. मला काय माहीत होतं? पण उत्तर तयार होतं. मी ते अगदी वर्गात देतात तसं दिलं. चांगलं घर आहे. मोठं खटलं आहे. जावई प्रमोद सोसायटीत नोकरीला. सासू देवभोळी. येत्या रविवारी त्यांनी डोहाळजेवण ठेवलंय, पत्रिका छापून. ती पत्रिका माझ्या खिशातच होती, ती मी हवालदाराला दाखवली. सोनेरी अक्षरं होती. पुरावा म्हणून मला ती पुरेशी वाटली.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, बाहेरच्या जिल्ह्यातली असावी. तिनं मला आणि वहिनीला आत बोलावलं. अर्चना सलाइन लावून पडली होती. जाग आलेली होती.

"बाळाचे ठोके चांगले आहेत," डॉक्टर म्हणाली. वहिनी तिथल्या तिथे खाली बसली, जमिनीवरच. "औषधाचा अंश गेलाय, पण थोडा. डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, ठीक आहेत. लक्ष ठेवू. पण या उलट्या विषाच्या कमी आणि रिकाम्या पोटाच्या जास्त आहेत." मग तिनं कागद माझ्यापुढे धरला. "हे वजन बघा. सहाव्या महिन्यातल्या बाईचं हे वजन आहे. लग्नात किती होतं?"

वहिनीनं सांगितलं. लग्नातलं जास्त होतं.

"काल काय जेवलीस?" डॉक्टरनं अर्चनाला विचारलं.

"काल पंगत होती," ती म्हणाली. "पाहुने वाढले जास्त. मंग पोयी संपली." जणू पोळी संपणं हा तिथीसारखा प्रकार आहे. "मंग हरभरा खाल्ला."

"आणि सासरी?"

तिनं तक्रार केली नाही. मी पुन्हा सांगतो, एकही शब्द तक्रारीचा नव्हता. तिनं फक्त क्रम सांगितला, पाठ असलेला. आधी बापे. मग लेकरं. मग सासू आणि आत्या. मग तिघी जावा, त्यातही थोरली आधी. ती धाकटी. "उरते ना," ती म्हणाली. "उरत नाई असं नाई. भाकर उरतेच. वरन कदी कदी उरत नाई."

"मागायचं ना," डॉक्टर म्हणाली.

अर्चनानं तिच्याकडे असं बघितलं की जणू ती परदेशी भाषा बोलली.

मी म्हणालो, "पण काल तू इतका वेळ बसून..."

"डोहाळे नव्हते काका," ती म्हणाली. "भूक लागली होती."

मला वाटतं, त्या शेतात उभा असताना बसला होता त्याहून मोठा धक्का हा होता, आणि तो आवाज न करता बसला. आयुष्यभर मी साखळीच्या शेवटी घार काढली. कधी वाघ काढला. शेवटचा म्हणजे सगळ्यांच्या वरचा, असं चित्र माझ्या डोक्यात घट्ट होतं. मुलंही त्याला मोठा काढायची, रंगवायची. बाण कुठे जातो ते बघा, असं सांगणाऱ्या माणसानं घराच्या स्वयंपाकघरात तो बाण कधी धरून बघितला नाही. एका कढईतलं वरण माणसामाणसातून जात जात शेवटी कोणापर्यंत पोचतं आणि पोचतं तेव्हा किती असतं, हे गणित माझ्याच घरात रोज दोन वेळा मांडलं जात होतं. जंगलात निदान हे उघड्यावर असतं. आणि मी कालच्या पहिल्या पंगतीत होतो. पाहुण्यांच्या शेजारच्या पाटावर. दुसऱ्यांदा पोळी घेतली होती. वाढायला तीच आली होती.

दुपारी विहीणबाई आणि प्रमोद गाडीनं आले. पोलिसाच्या फोनवरून त्यांना जे कळलं होतं ते वाटेत मोठं झालं होतं. प्रमोद भिंतीला टेकून उभा राहिला. तो रडून आला होता. विहीणबाई आत आल्या त्या अर्चनाच्या गालाला हात लावतच.

"काऊन केलं वं माय असं? काय कमी हाये आपल्या घरी?"

डॉक्टरनं त्यांना कागद दाखवला आणि सांगितलं. त्यांना ते खरोखरच समजेना. बाई खोटी नव्हती. "तिले कोनी नाई म्हनलं का? कोठ्या भरून हायेत आमच्या," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "आमीबी असेच जेवलो ना सर. माही सासू उठल्यावर मी बसो. चार लेकरं झाले." मग थोडं थांबून, "पाच. एक राह्यलं नाई."

त्यांनाही ते पहिल्यांदाच ऐकू आल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी डोळे पुसले आणि ज्याची त्यांना सवय होती तिकडे वळल्या. उद्यापर्यंत सोडतील का? रविवारी कार्यक्रम आहे. पत्रिका गेल्यात. पाचशे पानं सांगितलीत. पोरगी नसली तर लोक काय म्हणतील, आणि आजचं हे कळल्यावर तर काय काय म्हणतील.

वहिनी अजून जमिनीवरच बसली होती. तिनं आयुष्यात व्याह्यांसमोर आवाज काढलेला मी ऐकला नव्हता. तिथूनच, मान खाली ठेवून, ती म्हणाली, "पाचशे पानं वाढा तुमी विहीनबाई. हिचं पान मी वाढतो. बायंतीन होईस्तोर ते कुठी जात नाई."

"असं कसं..."

"आई," प्रमोद भिंतीजवळून म्हणाला. "राहू दे तिले."

अर्चना माहेरी राहिली. रविवारी तिकडे पंगती झाल्या असं ऐकलं; उत्सवमूर्तीवाचून कार्यक्रम छान होतो, हे मला त्याआधीही ठाऊक होतं. हवालदारानं शेवटी काय लिहिलं ते मी विचारलं नाही. मुलगी झाली, वजनाला चांगली. आता प्रमोद सोसायटीच्या गावी खोली करून राहतो, तिघंच; विहीणबाई मधूनमधून जातात आणि तिथं सगळ्यांच्या बरोबर बसतात, थोड्या अवघडून. कोतवालही आलेत. दोन हिवाळे आले नव्हते. हे सगळं ठीकच झालं, आणि कोणी विचारलं तर मी ते याच क्रमानं सांगतो.

पण डहाळ्यांसमोर उभा राहिलो की मला आठवते ती त्याच दिवशीची दुपार, सगळे बाहेर गेल्यावरची. वहिनी कुठूनशी मुगाची खिचडी घेऊन आली. ताटलीत काढली, वर तुपाची धार सोडली, अर्चनाला उशीला टेकवून बसवलं, ताटली मांडीवर ठेवली आणि पाणी आणायला गेली. खोलीत मी आणि ती. खिचडीची वाफ तिच्या तोंडावर येत होती. तिनं हात लावला नाही. मला वाटलं, पुन्हा मळमळतंय. मी म्हणालो, "खा की." ती नुसती हसली. वाफ कमी झाली. ती ताटलीकडे बघायची, मग माझ्याकडे, मग पुन्हा ताटलीकडे.

तिच्या त्या बघण्याचा अर्थ कळायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला. मी अजून जेवलो नव्हतो.

मी उठलो, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. तिथंच, दाराला पाठ लावून, आतून बांगड्या वाजण्याची वाट बघत उभा राहिलो.